गाडी भेटते, ड्रायव्हर भेटत नाही

आमच्या घरी शेतीसोबत एक क्रुझर आहे, पिवळ्या प्लेटची, एमएच-२९. लग्नाच्या सीझनमधे वऱ्हाड न्यायला, आणि बाकी वर्षभर माहूर, शेगाव, कधी कोणाला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं असलं तर. भाड्याचा हिशोब आमच्या गावात शाळेतल्या पोट्ट्यालाही पाठ आहे: किलोमीटरचा रेट नाहीतर ठोक, डिझेल कोणाचं ते आधीच ठरवायचं, टोल पार्टीचा म्हणजे गाडी करणाऱ्याचा, ड्रायव्हरचं जेवण आणि भत्ता पार्टीचा, रात्र झाली तर हॉल्ट वेगळा. थोडा इसार द्यायचा आणि बाकी परत आल्यावर. कागद नाही, सही नाही, काही नाही. गाडी घासली, आपटली, पंक्चर झाली तर ते डोकं आमचं, पार्टी झाडाखाली बसून राहते आणि विचारते "किती टाइम लागन भाऊ?"

तर असा गाडी भाड्यानं देणारा माणूस पहिल्यांदा पार्टी झाला तो थेट न्यूझीलंडमधे. आणि तिकडे गेल्यावर कळलं की आपल्याइकडे गाडी भाड्यानं करतात ती खरं म्हणजे गाडी नसतेच, आपण ड्रायव्हर भाड्यानं करतो आणि त्याच्यासोबत गाडी येते. तिकडं फक्त चावी देतात. मग तो ड्रायव्हर गुपचूप जे जे करून घेत होता ते सगळं तुम्हाला एकेक करून विकत घ्यावं लागते.

लहान भाऊ तिकडे ॲशबर्टनजवळ एका डेअरी फार्मवर आहे, क्राइस्टचर्चच्या खाली. दिवाळीच्या सुट्ट्या, सोयाबीन निघून विकून झालेलं, तो म्हणे या सगळे. बाबा आधी तयारच नव्हते, "कापूस वेचाले आला अन् तुम्ही फिराले चालले?" शेवटी वेचणी काकांच्या मोठ्या पोराच्या गळ्यात टाकून निघालो. आम्ही दोघं, दोन पोरं, आई-बाबा आणि तिकडचा भाऊ मिळून सात जण. भावाकडे जुनी जपानी छोटी गाडी, तिकडं निम्म्या लोकांकडे जपानमधून आलेल्या सेकंडहँडच गाड्या असतात, तिच्यात तिघं मागं बसले तर चौथा टपावर. म्हणून मोठी गाडी भाड्यानं घेणं आलं.

फोनवर मी साधं विचारलं, ड्रायव्हरसकट किती पडते? तो हसला. "दादा, ड्रायव्हरवाली गाडी भेटते, पण रेट ऐकून तू फोन ठेवशीन." बाबा बाजूलाच खाटेवर. "मंग गाडी कोन चालवन?" मी म्हटलं मी. "अन् तू चालवशीन तं पाहशीन काय?" हा प्रश्न बरोबरच होता आणि याचं उत्तर मला पूर्ण ट्रिपमधे सापडलं नाही.

भावाच्या डोक्यात आधी कॅम्परव्हॅन होती. म्हणजे गाडीतच पलंग, गाडीतच गॅस, बेसिन, सगळं. गोरे लोक महिनोन्महिने तशा गाडीत फिरतात. आता तिकडचा कायदा असा आहे की रस्त्याच्या कडेला, सरकारी जागेत फुकट मुक्काम करायचा असेल तर बऱ्याच ठिकाणी गाडी सेल्फ कंटेन्ड पाहिजे, तिच्यात पाण्याची टाकी, घाण पाण्याची टाकी आणि २०२३ च्या नवीन नियमानं संडाससुद्धा पक्का बसवलेला पाहिजे, आधी डबा ठेवला तरी चालायचा. हे सगळं भावानं व्हिडिओ कॉलवर लय उत्साहानं दाखवलं. आईनं फक्त एकच विचारलं, चुलीपासून संडास किती लांब आहे. तो म्हणे, दोन हात. विषय तिथंच संपला. "ज्या गाडीत संडास त्याच गाडीत सैपाक? मी नाही बसत त्याच्यात," बाबा म्हणाले आणि बाबांचं 'नाही बसत' म्हणजे नाहीच बसत. मग आठ सीटची साधी व्हॅन आणि रात्री मोटेलमधे, असं ठरलं. तिकडच्या मोटेलच्या खोलीत बहुतेक ठिकाणी छोटा ओटा, शेगडी, भांडी असतात, आईची खिचडी-पिठलं तिथं झालं.

लायसनचं म्हणाल तर ते काम सोपं निघालं. महाराष्ट्राचं लायसन इंग्रजीत असते, न्यूझीलंडमधे इंग्रजीतलं लायसन असलं की टुरिस्ट माणसाला चालवता येते. पण काही गाडीवाले इंटरनॅशनल परमिट मागतात म्हणून मी यवतमाळच्या आरटीओतून तेही काढून ठेवलं. सारथीच्या साइटवर अर्ज, फॉर्म ४-ए, पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स, १००० रुपये फी, एक वर्ष चालते. आणि मूळ कार्ड सोबत पाहिजे, मोबाइलमधलं डिजिलॉकर काउंटरवाल्याला दाखवून काही उपयोग नाही. डाव्या बाजूनं गाडी चालते हे तर आपल्यासारखंच, स्टिअरिंग उजवीकडे. अमेरिका-जर्मनीत जाणाऱ्याला जे उलटं करावं लागते ते इथं नाही.

खरी मजा पैशाची. बुकिंगच्या पानावर दिवसाचा रेट दिसतो तो पाहून मला वाटलं अरे हे तर बरं आहे, आपल्या क्रुझरच्या हॉल्टसकट हिशोब लावला तरी फार लांब नाही. पण तो रेट म्हणजे निव्वळ लोखंडाचा. खाली बारीक अक्षरात एक्सेस लिहिलेला असतो. एक्सेस म्हणजे गाडीला काही झालं तर पहिले काही हजार डॉलर तुमचे, त्याच्या वरचं कंपनीच्या विम्याचं. एका डॉलरचे साधारण ५० रुपये धरा आणि मग बघा. आणि ते पैसे नंतर नाही, आधीच तुमच्या कार्डावर अडकवून ठेवतात, होल्ड म्हणतात त्याला. शिवाय कार्ड बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डच पाहिजे आणि जो मेन ड्रायव्हर त्याच्याच नावाचं.

आता माझ्याकडे क्रेडिट कार्ड होतं. किसान क्रेडिट कार्ड. बँकेतल्या साहेबाला मी गमतीनं विचारलं साहेब हे तिकडं चालते का, तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला नाही हो, ते फक्त पिकासाठी. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिच्याकडे खरं क्रेडिट कार्ड, पण ती ड्रायव्हर नाही. मग उपाय त्याच साहेबानं सांगितला, एफडी करायची आणि त्या एफडीवर कार्ड घ्यायचं. आपल्यासारख्या पगाराची स्लिप नसणाऱ्या माणसाला हाच रस्ता आहे. फक्त लिमिट एफडीपेक्षा कमी भेटते, आणि आपली एफडी म्हणजे काय ती सोयाबीनच्या चुकाऱ्याएवढी.

इथंच तो पेच येतो जो कोणी आधी सांगत नाही. एक्सेस कमी करायचे दोन रस्ते. एक, कंपनीचाच दिवसाच्या हिशोबानं महाग विमा घ्यायचा, म्हणजे एक्सेस शून्यावर नाहीतर थोड्यावर येतो. दोन, बाहेरच्या विमा कंपनीकडून स्वस्तात एक्सेसचा विमा घ्यायचा, काही झालं तर आधी तुम्ही भरा आणि मग त्यांच्याकडून मागा. दुसरा स्वस्त पडते, सगळे हुशार लोक तोच घ्या म्हणतात. पण बाहेरचा विमा घेतला तर गाडीवाल्याला त्याचं काही घेणंदेणं नाही, तो कार्डावर पूर्ण होल्ड मारणारच. म्हणजे ज्याच्या कार्डात जागा आहे त्याला स्वस्त विमा, आणि ज्याच्या कार्डात जागा नाही त्याला महाग. आम्हाला महागच घ्यावा लागला कारण लिमिटमधे पूर्ण होल्ड बसतच नव्हता. गरिबाला जास्त व्याज, तो नियम समुद्र ओलांडला तरी तोच.

आणि एक गोष्ट ऐकून मी चाटच पडलो. आपल्याइकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं थर्ड पार्टी विमा सक्तीचा, त्याच्याशिवाय गाडी रोडवर आणता येत नाही (आणतात ते सोडा). न्यूझीलंडमधे तो सक्तीचाच नाही! कारण तिकडे १९७४ पासून सरकारची एसीसी नावाची योजना आहे, ॲक्सिडंटमधे कोणाला लागलं तर चूक कोणाची ते न पाहता इलाजाचा खर्च तिच्यातून, टुरिस्टलासुद्धा. माणूस सरकारच्या हवाली, पत्रा तुमच्या हवाली. म्हणून गाडीवाल्याचा सगळा जीव पत्र्यात.

थोडं विषयांतर, पण आम्ही धंद्यातले म्हणून डोक्यात येतंच. असं चावी देऊन गाडी भाड्यानं द्यायचं काम मला इथं करता येईल का? नाही. आपल्याइकडे त्याला १९८९ ची रेंट अ कॅब स्कीम आहे, लायसनसाठी किमान ५० गाड्या पाहिजेत. त्या गाड्यांची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी, नागपुरात दिसतात कधी. एक क्रुझरवाल्यानं त्याच्यात पडायचं कामच नाही. आणि खरं सांगू, आमच्या पांदण रस्त्यानं कोणा अनोळखी माणसाच्या हातात मी क्रुझर देणार नाही, ५० असत्या तरी.

क्राइस्टचर्चला गाडी घ्यायला गेलो. कंपनीचं नाव नाही लिहीत, एअरपोर्टपासून जरा लांबची होती म्हणून स्वस्त. काउंटरवरच्या पोरीनं कागदावर गाडीचं चित्र दिलं, चारी बाजूनं, आणि म्हणे जिथं जिथं घासलेलं दिसते तिथं फुली मारा. मी गाडीभोवती फिरलो. मी फिरलो म्हणजे धंद्यातल्या माणसाच्या नजरेनं फिरलो. मागच्या बंपरला बोटभर ओरखडा, डाव्या दाराच्या कडेला रंग उडालेला, एका चाकाच्या रिमला दगड घासल्याची खूण. आणि समोरच्या काचेत ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला, वायपरच्या वर, ज्वारीच्या दाण्याएवढा खडा लागलेला. उन्हाच्या तिरपेवर उभं राहिल्याशिवाय तो दिसत नव्हता. त्याच्यावर मी बोट ठेवून व्हिडिओ काढला, नंबर प्लेटसकट, आत बसून किलोमीटर आणि डिझेलचा काटाही काढला. पोरगी म्हणे इट्स ओके, इट्स ओके. मी म्हटलं ताई फुली मार. काच, टायर, गाडीचा खालचा भाग आणि टप हे साध्या विम्यात बरेचदा धरतच नाहीत, कागद वाचला तर लिहिलेलं असते.

भावाचंही नाव ॲडिशनल ड्रायव्हर म्हणून टाकलं, कागदावर नाव नाही त्यानं स्टिअरिंगला हात लावला आणि काही झालं तर सगळा विमा पाण्यात. धाकटी सहा वर्षांची, तिकडे सात वर्षं पूर्ण होईपर्यंत लेकराला चाइल्ड सीट सक्तीची, तिचं भाडं वेगळं. धाकटी आपल्याइकडं आजोबांच्या मांडीवर बसून खिडकीतून डोकं काढणारी, तिला त्या सीटमधे बांधल्यावर तिनं जो भोंगा पसरला तो शहर संपेपर्यंत. बाबा नातीकडे पाहून मलाच रागावले, "पोरीले कायले बांधलं रे?"

गाडी ऑटोमॅटिक. डाव्या पायाला काही कामच नाही, तो बिचारा दिवसभर क्लच शोधत राहतो. बाबा समोर, क्लिनरच्या जागी. ते नुसते बसत नाहीत. गाडी मागं घ्यायची म्हटलं की हे दार उघडून खाली उतरणार आणि मागं जाऊन टपाटपा पत्रा वाजवत "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" स्क्रीनवर मागचा कॅमेरा चालू, त्यात पूर्ण स्क्रीनभर बाबांचं धोतर. मोटेलचा गोरा मालक चहाचा कप घेऊन पाहत उभा. पण खरं सांगतो, कॅमेऱ्यापेक्षा बाबांचा 'बस' जास्त पक्का होता.

रस्ते बरेचसे दोनच लेनचे, गावाबाहेर १०० ची लिमिट, गावात ५०. समृद्धीवर १२० नं जाणाऱ्याला हे सोपं वाटन, पण समृद्धीला वळणं नाहीत. आर्थर्स पासच्या घाटात १०० ची पाटी फक्त पाहायची. मागं गाड्या साचल्या की जागा पाहून डावीकडे घ्यायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं, नाहीतर लोक तक्रार करतात. वेस्ट कोस्टला गेलं की एका लेनचे पूल लागतात, एकामागून एक. आपल्या रपट्यावर कोण आधी जाणार हे ज्यानं आधी डिप्पर मारला त्याच्यावर ठरते, तिकडं पाटीवर दोन बाण असतात, एक मोठा एक छोटा लाल. ज्याच्या दिशेला छोटा लाल बाण त्यानं थांबायचं. समोरून कोणी नसलं तरी मी थांबायचो आणि बाबा विचारायचे काहून थांबला, बाण दाखवला की "हां" म्हणायचे आणि पुढच्या पुलाला पुन्हा विचारायचे.

आपला ड्रायव्हर जे पोटात ठेवून असतो ते म्हणजे कोणत्या रस्त्यानं जायचं नाही. तिकडे ते करारात छापलेलं असते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड, माउंट कुककडचा बॉल हट रोड, वरच्या बेटावरचा नाइंटी माइल बीच, इथं गाडी घातली की विमा संपला. आणि 'ते अनाऊ' नावाच्या गावापासून मिलफर्डपर्यंत १२० किलोमीटरला वाटेत पंप नाही, टाकी फुल करून निघा हे सांगायला कोणी नाही, ते मात्र भावाला माहीत होतं.

आर्थर्स पासला चहा प्यायला थांबलो तर किया आले. हिरवे मोठे पोपट, आपल्या माहूरच्या गडावरच्या माकडांइतकेच आगाऊ. फरक एवढाच की माकड प्रसाद नेते, हा गाडी खाते. दाराचं रबर, वायपरचं रबर, चोचीनं ओढून ओढून. पोरं हसून लोळत होती, बायको फोटो काढून राहिली, आणि मी गाडीभोवती पळून राहिलो "हट हट" करत, कारण पोपटानं रबर खाल्लं तर ते विम्यात आहे का नाही हे मी वाचलेलं नव्हतं. तो पक्षी संरक्षित, त्याला हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही. बरं त्यालाही ते माहीत असल्यासारखा तो माझ्याकडे पाहत होता.

आणि मग गाई. ॲशबर्टनकडून निघालो तर वाटेत एका जागी पिवळा दिवा लुकलुकत होता आणि रस्त्यावरून गाईच गाई, दूध काढायच्या वेळेला एका वावरातून दुसऱ्यात. इंजिन बंद करून बसलो. किती वेळ झाला तरी गाई संपेनात, शेवटी क्वाड बाईकवर एक पोरगा, सोबत एक कुत्रं, बस. बाबांनी काच खाली केली. आधी काहीच बोलले नाहीत, नुसते पाहत होते. मग म्हणाले, "एवढ्या गाई अन् एकच पोट्टा?" थोड्या वेळानं, "याइची शिंगं कुठं गेली?" भावानं सांगितलं की वासरू असतानाच शिंगं निघूच देत नाहीत. मागं कॅन्टरबरीच्या मैदानात ते लांबच लांब चाकांवरचे पाण्याचे पाइप फिरून राहिले होते, पिव्होट, एकेक पाइप आमच्या पूर्ण वावरापेक्षा लांब. बाबांनी विचारलं लाइट किती तास राहते. भाऊ म्हणे चोवीस. मग बाबांनी काच वर घेतली.

गाई गेल्यावर रस्त्यावर शेणाचा सडा आणि त्याच्यातून आमची व्हॅन. चाकाच्या वर, दाराच्या खाली सगळं थापल्यासारखं वाळलं. आता गाडी घाण परत दिली तर क्लीनिंग चार्ज हे करारात होतं, म्हणून परत द्यायच्या आदल्या दिवशी पेट्रोल पंपाजवळच्या वॉशिंगवर नाणी टाकून मी आणि भाऊ प्रेशरनं शेण काढून राहिलो. आई म्हणे, "शेनाचा दंड? आपल्याइकडं लोक इकत घेतात." आमचा ड्रायव्हर सकाळी चहाच्या आधी बादलीभर पाण्यानं गाडी धुऊन, आरशाला फडकं मारून उभी ठेवतो. त्याचे पैसे मी आजपर्यंत कधी वेगळे धरले नव्हते, पार्टीनंही नाही.

डिझेलचाही एक किस्सा. पंपावर पेट्रोलपेक्षा डिझेल लय स्वस्त दिसलं, बाबा खूश, म्हणे इथं शेती परवडत असन. मग बिलात आरयूसी नावाची ओळ निघाली, रोड युजर चार्ज. तिकडं पेट्रोलवर रस्त्याचा कर पंपावरच कापतात, डिझेलवर कापत नाहीत, कारण ट्रॅक्टर, जनरेटर, बोट यांनाही डिझेल लागते आणि ते काही रोडवर चालत नाहीत. म्हणून रोडवर चालणाऱ्या डिझेल गाडीनं किलोमीटरवर कर भरायचा, हलक्या गाडीला १००० किलोमीटरला ७६ डॉलर. भाड्याच्या गाडीत तो कंपनी तुमच्याकडून घेते, मीटर पाहून. पैसे गेले त्याचं वाईट वाटलं पण नियम मला आवडला. वावरात वखरणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलवर आपण रोडचा सेस कायले भरतो, हा प्रश्न कोणी लोकसभेत विचारावा.

गाडी परत करताना ती पोरगी नव्हती, दुसरा माणूस होता, हातात टॉर्च. तो सरळ काचेवर गेला. त्या ज्वारीच्या दाण्यावर टॉर्च मारला आणि जीभ टाळ्याला लावून च् केलं. मी कागद काढला, फुली होती, पण तो म्हणे ही फुली बाजूची आहे. मग व्हिडिओ दाखवला, तारीख-वेळ सगळं. दोनदा पाहिला त्यानं. मग ओके. विमा महागातला होता तरी काच त्यात होती का नाही यावरून वाद झालाच असता, तो वाचला.

होल्ड सुटायला वेळ लागतो, लगेच सुटत नाही. आमच्या कंपनीनं तर होल्ड नव्हता केला, सरळ रक्कम कापली होती आणि नंतर परत केली, आणि कापताना एक भाव, परत करताना दुसरा भाव, वर बँकेचा परदेशी व्यवहाराचा चार्ज. म्हणजे डॉलरमधे सगळे पैसे परत आले आणि रुपयात कमी आले. कार्ड देण्याआधी काउंटरवर साफ विचारून घ्या, होल्ड करता का कापता. बाबांना हे समजावून सांगायला मी दोन संध्याकाळी घालवल्या. ते म्हणाले, "म्हंजे आपन त्याले इसार देला, त्यानं पुरा वापस केला, तरी कमी झाला. कोनं खाल्ला?" मी म्हटलं बँकेनं. "मंग तसं सांग ना."